सामाईक यंत्र, आपली वही

कीर्द आणि खतावणी हे दोन शब्द आता आपल्या रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेले आहेत. पेढीवर बसणाऱ्या जुन्या मंडळींच्या मात्र ते हाडीमाशी खिळलेले होते. दिवसभरातले व्यवहार झाले त्या क्रमाने जिच्यात उतरतात ती कीर्द. आणि त्याच नोंदी नावागणिक वेगळ्या काढून जिच्यात लावतात ती खतावणी. कीर्द सांगते काय झाले, खतावणी सांगते कोणाकडे किती निघतात. गंमत अशी, की आपल्या सीमाभागात या शब्दांनी भाषेची हद्द कधी मानली नाही. कन्नड पेढीवरही किर्दी असते, खर्चु असतो. जमा आणि बाकी तर जशीच्या तशी. आपण लेखाजोखा म्हणतो, शेजारच्या घरात लेक्क म्हणतात. दोन भाषा नांदणाऱ्या घरात भांडण कोणत्या भाषेत करावे याची निवड असते. हिशेबाला बसले की शब्द बहुतेक एकच निघतात.

हे शब्द आज आठवायचे कारण मात्र पेढी नाही, प्रयोगशाळा आहे.

तुम्ही म्हणाल, अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला प्रयोगशाळेत काय काम? खरे आहे. परंतु आपल्या भागातल्या घराघरांतून मुलेमुली एम.एस्सी., पीएच.डी. करायला धारवाड, कोल्हापूर, बेंगळुरू, पुणे, हैदराबाद इथे जाऊ लागली आहेत. 'लेकीला फेलोशिप मिळाली' एवढे आईवडिलांना ठाऊक असते. तिथे गेल्यावर तिला कशाकशाचे पैसे मोजावे लागतात, हे ठाऊक नसते. फोनवर ती सांगते, "या वेळी मशिनचे खूप पैसे लागले," आणि आपण "बरं, बरं" म्हणून जेवलीस का ते विचारतो. त्या मशिनच्या पैशांविषयी आज चार गोष्टी बोलाव्यात असे मनात आहे.

आजच्या विज्ञानाची यंत्रे एकट्यादुकट्याने विकत घेण्यासारखी राहिलेली नाहीत. द्रावणातले घटक एकमेकांपासून वेगळे करून मोजणारे एचपीएलसी नावाचे यंत्र लाखांच्या घरात जाते. रेणूची रचना उलगडणारे एनएमआर किंवा कणांचे रूप हजारो पटींनी मोठे करून दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांच्या किमती कोटींत बोलल्या जातात. प्रत्येक विभागाने, प्रत्येक प्राध्यापकाने आपापले यंत्र घ्यायचे म्हटले तर देशाची तिजोरी पुरायची नाही. म्हणून केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १९७० च्या दशकातच अशी यंत्रे एका छपराखाली ठेवून अनेकांनी वापरावीत, अशी केंद्रे काढायला सुरुवात केली. आज ती 'सैफ' या आद्याक्षरांच्या नावाने ओळखली जातात. आपल्या बेळगावच्या एका अंगाला धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. दोन्हीकडे असे केंद्र आहे. जानेवारी २०२० मध्ये बेंगळुरूला विज्ञान काँग्रेस भरली, तेव्हा पंतप्रधानांच्या हस्ते 'आय-स्टेम' या राष्ट्रीय संकेतस्थळाचे उद्घाटन झाले. कोणते यंत्र कोणत्या संस्थेत आहे हे पाहून घरबसल्या वेळ मागण्याची सोय त्यावर आहे. २०२२ मध्ये 'श्रीमान' या नावाने मार्गदर्शक सूचना आल्या. सरकारी पैशातून घेतलेली यंत्रे कुलपात न ठेवता इतरांनाही वापरू द्या, असा त्यांचा रोख आहे.

थोडक्यात, यंत्र सामाईक झाले. आणि वस्तू सामाईक झाली की तिच्यामागून पाळी येते, दर येतो आणि हिशेब येतो.

हे आपल्याला नवे आहे का? मुळीच नाही. भावाभावांत विहीर सामाईक असली की कोणाचा चार आणे हिस्सा, कोणाचा आठ आणे, आणि त्या मानाने पाण्याची पाळी. हा पाळी शब्दही दोन्ही भाषांनी वाटून घेतलेला. गुऱ्हाळावर गेलात तर चरक एकाचा, ऊस दहाजणांचा. कोणाची किती आधणे निघाली यावर मोजदाद. रसाची एक काहील चुलीवर चढून गूळ होऊन उतरली की एक आधण. प्रयोगशाळेत आज 'सॅम्पलमागे इतके रुपये' म्हणतात, तो आधणाचाच हिशेब. आणि 'तासाला इतके' म्हणतात, तो पाण्याच्या पाळीचा. यंत्र बदलले, माणसे तीच.

आता हा दर ठरतो कसा ते पाहू. विद्यार्थ्यांना वाटते, यंत्र सरकारने घेऊन दिले आहे, वीज संस्था भरते, मग आमच्याकडून पैसे कसले? पण यंत्र वापरले की झिजते, आणि त्याची झीज बहुधा तासांत मोजता येते. एचपीएलसीमधला दिवा ठरावीक तास जळला की मंदावतो आणि बदलावा लागतो. सूक्ष्मदर्शकातली टंगस्टनची बारीक तार जळून तुटते. एचपीएलसीमधली ती नळी, जिला कॉलम म्हणतात, ती काही शे नमुने गेल्यावर निकामी होते. तीच मुळात हजारो रुपयांची. काही यंत्रे तर न वापरताही खातात. एनएमआरचे चुंबक उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेले असते. कोणी नमुना लावो न लावो, हेलियम थोडाथोडा उडून जातो आणि तो पुन्हा भरावा लागतो. दारात बांधलेल्या जनावराला दूध असो नसो, वैरण चुकत नाही, तसे हे.

म्हणून दर काढताना वर्षाचा एकूण खर्च आणि वर्षाचे एकूण वापराचे तास यांचा भागाकार करतात. सोय म्हणून आकडे धरू. समजा एका यंत्राच्या देखभालीला वर्षाला ६ लाख रुपये लागतात आणि ते वर्षात १,५०० तास चालते. तासाला ४०० रुपये पडले. आता समजा यंत्र चालले १,५०० तासच, पण नोंद झाली १,२०० तासांची. बाकीचे ३०० तास कोणी घाईत लिहिले नाहीत, कोणी 'दहाच मिनिटांचं काम होतं' म्हणून सोडून दिले. खर्च तेवढाच राहिला, भागायला तास कमी मिळाले. पुढच्या वर्षीचा दर निघाला ५०० रुपये. ज्याने लिहिले नाही त्याला काहीच पडले नाही आणि ज्याने इमानाने लिहिले त्याला तासामागे १०० रुपये जास्त पडले.

मला वाटते, सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. न लिहिलेला तास फुकट जात नसतो. तो लिहिणाऱ्याच्या खात्यावर जातो. कन्नडमध्ये म्हण आहे, 'हनि हनि कूडिदरे हळ्ळ'. थेंब थेंब मिळून ओढा होतो. आपण ती बचतीसाठी वापरतो. गळतीलाही ती तितकीच लागू पडते.

इथे कोणी विचारील, की मग आपल्याच संस्थेतल्या विद्यार्थ्यांकडून पैसे घेऊच नयेत, म्हणजे हा प्रश्नच मिटला. या म्हणण्यात तथ्य आहे. गरीब घरातला मुलगा दराकडे बघून प्रयोग आवरता घेत असेल तर ते संस्थेलाही शोभत नाही. बऱ्याच ठिकाणी म्हणूनच आतल्या विद्यार्थ्यांना एक दर, बाहेरच्या महाविद्यालयांना दुसरा आणि कारखान्यांना तिसरा, असे ठेवलेले असते. बाहेरच्यांच्या बिलावर वस्तू आणि सेवा कराचे १८ टक्के वेगळे. एखाद्या संस्थेने आतला दर शून्य ठेवला तरी माझी हरकत नाही. पण दर शून्य असला तरी नोंद शून्य असता कामा नये. कारण दिवा कधी संपणार, कॉलमवर आधी कोणी काय सोडले होते, दुसरे यंत्र मागायची वेळ आली आहे का, हे सगळे नोंदीवरूनच कळते. पैसे माफ करता येतात. माहिती माफ केली की यंत्र अडून बसते.

आता घरातलेच उदाहरण सांगतो. आमची आक्का गदगकडे दिलेली. दाजी कन्नड घरातले. निवृत्त होईपर्यंत एका सहकारी पतसंस्थेत हिशेबनीस होते. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, दक्षिणेतल्या एका संस्थेत रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. ती माझ्याशी मराठीत बोलते, दाजींशी कन्नडमध्ये, आणि तिच्या वहीत दोन्ही असतात. तिला सीएसआयआरची फेलोशिप आहे. तिच्यात महिन्याच्या रकमेखेरीज वर्षाला २०,००० रुपये आकस्मिक खर्चासाठी मिळतात. त्यातच रसायने, त्यातच काचसामान, त्यातच यंत्रांचे पैसे. तीन महिन्यांना ५,००० म्हणा.

मागे एकदा तिला एचपीएलसीच्या वापराचा तिमाही तक्ता हाती आला. एकूण ३१ तास, तासाला १५० रुपये, म्हणजे ४,६५० रुपये. तिमाहीच्या वाट्यातले साडेतीनशे रुपये तेवढे शिल्लक राहात होते. तिचा फोन आला तेव्हा ती पैशांवरून रडत नव्हती. तिचा प्रश्न निराळा होता. ती म्हणाली, "मामा, प्रत्येक नमुना मी तीनदा मोजते. आता दोनदाच मोजू का? तेवढेच तास वाचतील."

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही, पण हे ऐकून मी सावध झालो. दोन आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर कोणता खरा हे तिसरा सांगतो. तो तिसरा आकडा गेला की प्रबंधाच्या पायातला दगडच हलला. हिशेबातली गडबड तिच्या खिशापुरती राहिली नव्हती, ती तिच्या प्रयोगापर्यंत पोचली होती.

आक्काचे मत पडले, की गाइडना जाऊन स्पष्ट सांग. दाजींनी फोन घेतला आणि दोनच वाक्ये बोलले, "जगळ ब्याड. किर्दी तगी." भांडण नको, कीर्द काढ.

कीर्द होती. एम.एस्सी.ला असल्यापासून दाजींनी तिला सवय लावली होती. साधी दोनशे पानी वही. तारीख, यंत्र, बसले कधी, उठले कधी, नमुन्यांचे क्रमांक, शेरा. त्या वहीप्रमाणे तिमाहीचे २६ तास होत होते. म्हणजे फरक पाच तासांचा. तिची हुबळीची मैत्रीण म्हणाली, "पाच तास कमी करा, असा अर्ज दे आणि मोकळी हो." पण हिशेबनिसाच्या मुलीने बेरजेवर न थांबता एकेक ओळ ताडून पाहिली आणि तिथे निराळेच काही दिसले.

यंत्राला जोडलेल्या संगणकावर प्रत्येक नमुन्याची फाइल त्या-त्या वेळेसह साठते. तक्त्यातल्या ३१ तासांपैकी साडेचोवीस तास तिच्या नमुन्यांचे होते. उरलेल्या साडेसहा तासांच्या फाइलींवर नमुन्यांची नावे भलत्याच कोणाची होती. तिच्या नावाचे खाते उघडे राहिले असताना तिच्याच गटातल्या एका सीनियरने आपले नमुने लावले होते, तेही दोन वेळा. आणि दुसरीकडे, तिच्या वहीत असलेले दीड तास तक्त्यात कुठेच नव्हते. त्या संध्याकाळी वेळ राखून ठेवण्याची ऑनलाइन यंत्रणा बंद होती, म्हणून तंत्रज्ञांना विचारून तिने यंत्र वापरले होते आणि त्याचे बिल लागायचे राहून गेले होते. साडेसहा जास्त, दीड कमी. मिळून फरक पाच. नुसती बेरीज बघितली असती तर दोन चुका एकमेकींच्या आड लपून राहिल्या असत्या.

आता खरी परीक्षा होती. साडेसहा तास कमी करून मागायचे आणि दीड तासाबद्दल गप्प बसायचे, हे सहज शक्य होते. मैत्रिणीने तसे सुचवलेही. शिवाय तो सीनियर काही वाईट मुलगा नव्हता. यंत्र चालवायला हिला त्यानेच शिकवले होते. सगळे पैसे शेवटी आपल्या गाइडच्याच प्रकल्पातून जातात, मग कोणाच्या खात्यावर लागले त्याने काय फरक पडतो, अशी त्याची समजूत होती. त्याचे पैसे प्रकल्पातून जात होते, हिचे तिच्या वीस हजारांतून, हे त्याच्या ध्यानी नव्हते. चोरी नव्हती ती, निष्काळजीपणा होता. अशा माणसाविरुद्ध अर्ज करायला जीव होत नाही.

तिने आधी त्याला भेटून दोन्ही याद्या दाखवल्या. मग प्रयोगशाळाप्रमुखांना एक पानी टिपण दिले. त्यात तक्रारीचा शब्द नव्हता. हे साडेसहा तास माझे नाहीत, या फाइली. हे दीड तास माझे आहेत आणि लागायचे राहिले, ही तारीख. प्रमुखांनी फाइली उघडून पाहिल्या आणि तक्ता दुरुस्त केला. २६ तासांचे ३,९०० रुपये झाले. तिसऱ्यांदा मोजायचे तिने सोडले नाही.

सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. तो सीनियर पंधरा दिवस तिच्याशी कामापुरतेच बोलत होता. कँटीनमध्ये एकदोघांनी 'बनियाची मुलगी' अशी टिंगलही केली. हिशेब मागितला की त्याची किंमत द्यावी लागते. ती पैशांत नसते, म्हणून कुठल्या वहीत दिसत नाही. आपल्या समाजात मैत्रीत, नात्यात, गुरुशिष्यांत हिशेब काढणे कमीपणाचे मानतात. 'एवढ्या-तेवढ्याचं काय घेऊन बसलीस' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. आणि एवढेतेवढे नेहमी ज्याच्याकडे कमी असते त्याच्याच खात्यातून जाते, हेही आपण पाहिलेले आहे.

म्हणून माझे मत थोडे उलटे आहे. हिशेब नसला की संशय वाढतो. वही उघडी असली की संशयाला जागाच उरत नाही. भाचीने आपल्याविरुद्धचे दीड तास लिहून दिले, त्यामुळेच तिचे साडेसहा तास कोणाला नाकारता आले नाहीत. आपल्या अंगावर येणारी नोंदही जी वही लपवत नाही, तिच्यावर दुसरा विश्वास ठेवतो. याला पेढीवर सचोटी म्हणत.

दाजींचे गाव ज्या गदग भागात येते तिथेच कणगिनहाळ नावाचे खेडे आहे. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाल्यावर १९०५ साली देशातली पहिली शेतकी सहकारी पतसंस्था तिथे नोंदली गेली. सिद्दनगौडा सण्णरामनगौडा पाटील हे तिचे प्रवर्तक. गावातल्या लोकांनी पैसा एकत्र करायचा आणि गरजेप्रमाणे एकमेकांना द्यायचा, ही कल्पना तेव्हा धाडसाची होती. अशी संस्था टिकते ती नुसत्या सद्भावनेवर नाही. प्रत्येक सभासदाचे पान वेगळे असते आणि ते त्याला केव्हाही पाहता येते, यावर ती टिकते. दाजी आजही म्हणतात, पासबुक न बघणारा सभासद संस्थेचा मित्र नव्हे.

माझ्या विषयातही याला आधार आहे. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी एक निबंध लिहिला. सामाईक कुरणात प्रत्येकजण आपले एक जनावर जास्त सोडतो आणि अखेर कुरण उजाड होते, असा त्याचा सारांश. सामाईक ते सगळे बुडणारच, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली. अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ती तपासून पाहिली. पाटाचे पाणी, जंगले, मासेमारी यांचे देशोदेशीचे नमुने अभ्यासून त्यांनी १९९० च्या ग्रंथात दाखवले, की पुष्कळ सामाईक गोष्टी पिढ्यानपिढ्या उत्तम चालतात. त्या चालतात कुठे? जिथे वापरणाऱ्यांचा नियम ठरवण्यात हात असतो, जिथे कोणी किती वापरले यावर वापरणारेच लक्ष ठेवतात आणि जिथे तंटा स्वस्तात व चटकन मिटवायची सोय असते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आपल्या पाळीच्या पाण्याला जे लागू आहे ते एचपीएलसीला का लागू पडू नये?

अलीकडे बऱ्याच प्रयोगशाळांत वेळ राखून ठेवणे, प्रवेश, बिल सगळे संगणकावर आले आहे. चांगलेच झाले. पण त्यामुळे 'आता वही कशाला' असे मुलांना वाटू लागले आहे, ते बरोबर नाही. संगणक लिहितो तो खात्याचा हिशेब. त्या खात्यामागे प्रत्यक्ष कोण बसले होते हे त्याला दिसत नाही. दोन तास राखून ठेवले आणि सव्वा तासात काम संपले, तर काही ठिकाणी राखलेल्या वेळेचे पैसे लागतात, काही ठिकाणी वापरलेल्या. काही ठिकाणी अर्ध्या तासाच्या पटीत मोजतात. एक तास दहा मिनिटांचे दीड तास होतात. मध्येच वीज गेली आणि नमुना वाया गेला, तर तो वेळ कोणाचा? हे नियम प्रत्येक प्रयोगशाळेत निराळे असतात आणि ते आधी विचारून घेणे हा विद्यार्थ्याचा हक्कच आहे.

ज्यांच्या घरची मुले अशा ठिकाणी काम करतात त्यांनी त्यांना एवढे जरूर सांगावे. यंत्रावरून उठतानाच नोंद करायची, खोलीवर जाऊन नाही. राखलेली वेळ आणि वापरलेली वेळ दोन रकान्यांत वेगळी लिहायची. नमुन्यांचे क्रमांक लिहायचे, कारण फाइलीशी गाठ त्यांनीच पडते. पैसे कोणत्या खात्यातून जाणार, आपल्या अनुदानातून की गाइडच्या प्रकल्पातून, हे त्याच ओळीत लिहायचे. वीज गेली, कॉलम तुंबला, वाचन विचित्र आले, तर शेऱ्यात दोन शब्द टाकायचे आणि तंत्रज्ञांना त्याच दिवशी सांगायचे. उठताना आपले खाते बंद करायचे. घराला कुलूप लावतो तसे. आणि तक्त्याची वाट न पाहता महिन्यातून एकदा आपली वही त्यांच्या नोंदीशी ओळीने ताडून पाहायची, नुसत्या बेरजेने नाही. चूक दिसली तर आठवड्याच्या आत लेखी कळवायची, ती आपल्या फायद्याची असो की तोट्याची. तीन महिन्यांनी सांगितलेली खरी गोष्टही तक्रारीसारखी ऐकू येते.

या वहीचा आणखी एक उपयोग भाचीने मला सांगितला, तो माझ्या ध्यानात आला नसता. प्रबंध लिहिताना एका नमुन्याचे आकडे बाकीच्यांहून वेगळे पडत होते. तिने वही उलटली, तर त्या दिवशीच्या शेऱ्यात होते, 'दिवा नवीन बसवला'. खुलासा मिळाला आणि तो नमुना पुन्हा मोजून घेता आला. पैशांसाठी ठेवलेली वही विज्ञानाच्या कामी आली. दर तासाचा असो की नमुन्याचा, नोंद शेवटी आपण काय केले याचीच असते.

आणि संस्थांनाही एक विनंती. खर्चाचा तक्ता विद्यार्थ्याला तीन महिन्यांनी न देता दर महिन्याला द्या. दर कसा काढला हे प्रयोगशाळेच्या दारावर एका कागदावर लावा. किती खर्च, किती तास. बाहेरगावाहून नमुने पाठवणाऱ्या लहान महाविद्यालयांना कर धरून किती पडतील ते आधी कळवा. वीस हजारांत वर्ष काढणाऱ्याला आधी कळलेला खर्च पेलवतो, मागून कळलेला पेलवत नाही. हिशेब मागायला आलेल्या पोराला उभे ठेवू नका, त्याला खुर्ची द्या. जो हिशेब मागतो तो यंत्र जपणारा असतो, असे मला वाटते.

दिवाळीच्या सुटीत मुले घरी येतील. मार्कांची, पेपरांची चौकशी आपण करतोच. या वेळी जरा निराळे विचारून पाहा. तुझी पाळी कशी लागते, तासाला किती पडतात, तू ते कुठे लिहून ठेवतेस? मराठीत विचारा की कन्नडमध्ये, शब्द फारसे बदलणार नाहीत. वही नसेल तर बाजारातून एक आणून द्या. दोनशे पानी पुरते.